गोल बरणीत मासा न विकणारं दुकान

नातीला वाढदिवसाला मासे हवे होते. मी जन्मभर जहाजांच्या इंजिनरूममध्ये राबलो, त्यामुळे पंप, पाणी, पाइप यांतलं घरात काहीही निघालं की सगळी बोटं माझ्याकडे वळतात. एप्रिलचा पहिला आठवडा, बागायतीत काजूचा सडा पडलेला, बोंडं वेचायला माणसं मिळत नाहीत, आणि मी वाळपईहून गाडी काढून माशांच्या दुकानाच्या शोधात. बायको काय म्हणाली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दुकान उत्तर गोव्यातलं आहे. नाव आणि गल्ली मुद्दाम लिहीत नाही. जिथे अर्ज द्यायचा तिथे नाव-पत्त्यासकट दिला आहे. पण जे मासे पाळतात त्यांना काही गोष्टी उपयोगी पडतील म्हणून हे लिहितो. आधी चांगलं सांगतो, कारण चांगलं खरोखरच चांगलं होतं.

आत शिरल्यावर मी माशांकडे बघत नाही, आधी कान लावतो. पंप घरघरत असेल, हवा ओढत असेल, तर त्या दुकानदाराचं बाकीचंही तसंच असणार. इथे चाळीसएक टाक्या लोखंडी अँगलवर तीन मजली मांडलेल्या, आणि आवाज फक्त पाण्याचा. वास नाही. एकही मेलेला मासा तरंगताना दिसला नाही. प्रत्येक रांगेला वेगळी जाळी, आणि ती जाळी जांभळ्या पाण्याच्या बादलीत उभी. पोटॅशियम परमँगनेट, जंतू मारायला. बघूनच बरं वाटलं.

मी एक गोल काचेची बरणी उचलली, साडेतीनशे रुपयांची, आणि दोन गोल्डफिश मागितले. मालक पस्तिशीचा असेल. त्याने बरणी माझ्या हातातून काढून घेऊन परत फळीवर ठेवली.

"काका, बरणी घ्या, फुलं ठेवा तिच्यात. मासा देत नाही."

गोल्डफिश वितीएवढा होतो, म्हणाला, आणि घाण भरपूर करतो. बरणीत तो आठ-पंधरा दिवस कसाबसा काढतो आणि मग पोर रडतं. मग त्याने मला तीन फुटी टाकी दाखवली, शंभर लिटरच्या आसपासची, आणि बाहेर बसवायचा कॅनिस्टर फिल्टर. वर म्हणाला, टाकी आज न्या, मासे चार आठवड्यांनी. तोवर पाणी नुसतं फिरू द्या. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, तो पचवणारे जंतू फिल्टरच्या स्पंजात आणि खड्यांत वस्तीला यायला तेवढे दिवस लागतात. रोज चिमूटभर खाद्य टाका, म्हणजे त्या जंतूंनाही खायला मिळेल. आमच्याकडेही नवा बॉयलर पहिल्या दिवशी कोणी पूर्ण दाबावर चढवत नाही. हातातलं गिऱ्हाईक महिनाभर परत पाठवणारा दुकानदार मी फार बघितलेला नाही.

फिल्टरबद्दल थोडक्यात. सिंगापुरात मी याच जातीचे पंप निम्म्या किमतीत पाहिले आहेत, पण ती तुलना बरोबर नाही. सील चांगलं आहे, झडप घट्ट बसते, वीज गेली तर पाणी उलटं येत नाही. आमच्या सत्तरी तालुक्यात वीज किती वेळा जाते हे वाळपईच्या लोकांना सांगायला नको. एकच खोट, वरची खटकी प्लॅस्टिकची आहे आणि ती दोन वर्षांत मोडणार.

मे महिन्यात मी मासे आणायला गेलो. आठ निऑन टेट्रा आणि तळ साफ करणारे चार कोरी. मालक पिशवीत ऑक्सिजन भरत होता. आणि काउंटरमागच्या पडद्यापलीकडून शिट्टी आली. लांब, बारीक, शेवटी किंचित वर चढणारी. थोडा वेळ गेला. पुन्हा तीच.

ही शिट्टी मी ओळखत होतो.

२००९ साली आमचं जहाज दुरुस्तीला निटेरॉयच्या गोदीत तीन आठवडे पडून होतं. निटेरॉय म्हणजे रिओच्या समोर, खाडीपलीकडे. ब्राझीलच्या फेऱ्या मी पुष्कळ केल्या, बहुतेक खनिज भरायला. मुरगावची लाल धूळ आणि तुबारांवची लाल धूळ खिशात घेतली तर वेगळी ओळखू येणार नाही. पण बंदर सोडून आत जायला वेळ मिळाला तो त्याच खेपेला. रिओत समुद्रातून उभा राहिलेला एक डोंगर आहे, पांव द आसुकार. साखरेचा पाव. हा पाव आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. त्याच्या पायथ्याच्या वाटेवर खारीएवढी माकडं झाडांवरून आणि तारांवरून पळत होती. कानांवर पांढऱ्या केसांचे झुबके, शेपटीवर काळ्या-करड्या वलयांची नक्षी, आणि तोंडाने अशीच शिट्टी. तिथले लोक त्यांना सागुई म्हणतात, इंग्रजीत मार्मोसेट. पर्यटक केळं देतात, ती हातातून घेतात. मी फोटो काढले, खूश झालो.

पुढच्या रविवारी आमच्या एजंटाच्या ओळखीने मी शंभरएक किलोमीटरवर सिल्वा जार्दिमला गेलो. तिथल्या रानात दुसरं माकड आहे, सोनेरी आयाळीचं, मिको-लेआंव-दोरादो. वजन सहाशे ग्रॅमच्या आसपास, रंग पिकलेल्या आंब्याच्या सालीचा, आणि चेहऱ्याभोवती सिंहासारखी आयाळ. वीस रेआलच्या नोटेवर त्याचं चित्र आहे. माझ्या कपाटात एक नोट अजून आहे. हे माकड जगात फक्त रिओ राज्यातल्या किनारी जंगलात राहतं आणि ते जंगल ऊस, कॉफी, गुरं आणि शहरं यांनी खाऊन टाकलं. १९७०च्या दशकात दोनशेच्या आसपास उरली होती. आदेलमार कोइंब्रा-फिल्यो नावाच्या ब्राझिली शास्त्रज्ञाने त्यासाठी जन्म घातला. १९७४ साली पोसो दास आंतास हे राखीव रान झालं आणि १९८४पासून प्राणिसंग्रहालयांत जन्मलेली माकडं परत रानात सोडायला सुरुवात झाली.

ही गोष्ट मला वाटाड्याने सांगितली ती मी विसरलेलो नाही. प्राणिसंग्रहालयातल्या माकडांना फांदी म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. पिंजऱ्यातला दांडा हलत नाही, रानातली फांदी हलते. ती पडायची. वाट चुकायची. फळ सालीसकट समोर आलं तर त्याचं काय करायचं कळत नव्हतं, कारण आजवर ते कापून बशीत मिळालेलं. पहिल्या खेपेची पुष्कळ गेली. जी टिकली त्यांच्या रानातच जन्मलेल्या पोरांना मात्र काही शिकवावं लागलं नाही. आज तिथे जी आहेत त्यांतली साधारण तिसरा हिस्सा त्या सोडलेल्यांची प्रजा आहे.

मी त्याला मोबाइलमधला सागुईचा फोटो कौतुकाने दाखवला. त्याने तोंड वाकडं केलं. म्हणाला, हे इथलं नव्हेच. हे ईशान्य ब्राझीलचं, इथून हजार-दीड हजार किलोमीटर वरचं. लोकांनी पिल्लू म्हणून पाळायला आणलं, मोठं झाल्यावर चावायला लागलं, मग दार उघडून सोडून दिलं. आता ते रिओच्या रानात पसरलंय, सोनेरी माकडाच्याच फळांवर आणि किड्यांवर जगतं, आणि इथल्या डोंगराळ भागातल्या दुसऱ्या एका दुर्मीळ मार्मोसेटशी त्याचा संकर होऊन ती जात बुडायला आली आहे. एकाच देशात, एका घरातून सुटलेलं माकड एवढं करू शकतं. मी मोबाइल खिशात घातला.

म्हणून ती शिट्टी ऐकल्यावर मी पडदा बाजूला केला. कोणी बोलावलं नव्हतं, कबूल आहे.

लव्हबर्ड ठेवतात तसला पिंजरा. त्यात एकटं पिल्लू, कानांवरचे पांढरे झुबके नुकते फुटायला लागलेले. तळाला वर्तमानपत्र, वाटीत केळं आणि लहान मुलांना देतात ती पेज. वर ट्यूबलाइट. दुकानातला पोरगा तोंडाने 'प्प्प' करून त्याला बोलवत होता आणि ते जाळीला चिकटून दुसरीकडेच बघत होतं.

मालक मागून आला. रागावला नाही, उलट चेहरा उजळला.

"पात्रांव, आवडलं? फिंगर मंकी. बोटावर बसतं. साडेचार लाख. तुमच्याकरता चार."

पहिली गोष्ट, ते फिंगर मंकी नव्हे. त्या नावाने जे विकतात ते मुळात पिग्मी मार्मोसेट, पश्चिम अ‍ॅमेझॉनमधलं, जगातलं सगळ्यात लहान माकड. पूर्ण वाढ झाल्यावर शंभर-सव्वाशे ग्रॅम. हे साधं मार्मोसेट, वाढून तिप्पट होणारं. म्हणजे चार लाख देऊन मालसुद्धा खोटा. दुसरी गोष्ट, आमच्या बागायतीत टोपीवाली माकडं वीस-वीसच्या कळपाने येतात, नारळ, फणस, काजू काही ठेवत नाहीत. माकडासाठी पैसे मोजायची वेळ सत्तरीतल्या माणसावर अजून आलेली नाही. हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो हसला.

मग मी विचारलं, हे खातं काय?

"केळं, सफरचंद, पेज. कधी किडा."

हे ऐकून मला काय वाटलं ते सांगायला थोडं काजूकडे जावं लागेल. काजू आपला म्हणतो आपण, फेणीला २००९मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेही आपल्या नावावर. पण झाड ब्राझीलचं, ईशान्य किनाऱ्याचं, पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आणलं. काजू हा शब्दसुद्धा तिथल्या तुपी लोकांचा. आणि हे माकड नेमकं त्याच पट्ट्यातलं. आमच्या झाडाला खोडावर चीर पडली की पिवळसर डिंक येतो, सुकून खडीसाखरेसारखा होतो, मी तो लहानपणी पुस्तकं चिकटवायला वापरायचो. मार्मोसेटचं ते जेवण. त्याचे खालचे पुढचे दात पटाशीसारखे असतात. त्या दातांनी ते काजूची साल कोरतं, भोक पाडतं, डिंक येईपर्यंत थांबतं आणि पुन्हा त्याच भोकाशी येतं. खोडाला उभं धरून राहता यावं म्हणून बोटांना नखांऐवजी नख्या. म्हणजे आपल्या बागायतीतल्या झाडाशी या माकडाची ओळख आपल्याहून जुनी आहे. आणि त्याला इथे आणून, काजूच्या मुलखात, ट्यूबलाइटखाली पेज घालतात.

घरी येऊन मी तीन रात्री वाचत बसलो. दक्षिण अमेरिकेतल्या या माकडांना ड-३ जीवनसत्त्व आपल्यापेक्षा कितीतरी जास्त लागतं. ऊन किंवा तशा खास दिव्याशिवाय ठेवलं की हाडं मऊ होतात, वाकतात, मोडतात. आपल्या ओठावर तापाचे फोड येतात ना, आपल्याला त्याचं काहीच वाटत नाही. तोच विषाणू मार्मोसेटला गेला तर ते मरतं. आणि तो पोरगा जाळीला तोंड लावून 'प्प्प' करत होता.

ही माकडं कुटुंबाने राहतात, तीनपासून पंधरापर्यंत. मादीला बहुधा जुळी होतात, आणि पिल्लं पाठीवर घेऊन फिरायचं काम बाप आणि मोठी भावंडं करतात. आई दूध पाजायला तेवढी घेते. शिट्टी ही हाक असते. पानांच्या दाटीत एकमेकं दिसत नाहीत म्हणून एक शिट्टी घालतं, थांबतं, दुसरं उत्तर देतं. एकमेकांच्या मध्ये बोलत नाहीत. जेरुसलेमच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२४ साली दाखवून दिलं की समोरचं कोण आहे त्याप्रमाणे शिट्टी बदलते, म्हणजे जवळपास नाव घेऊन हाक. आता मला कळलं की दोन शिट्ट्यांच्या मधला तो थोडा वेळ कशाचा होता.

दुकानात मला यातलं निम्मंही माहीत नव्हतं. मी एवढंच म्हणालो, "बाबा, तू मला दोन गोल्डफिश दिले नाहीस. बरणी लहान म्हणालास."

तो गप्प झाला. मग त्याने दिलेलं उत्तर मला अजून टोचतं.

"काका, तुम्ही निऑन टेट्रा नेताय. तोही अ‍ॅमेझॉनचाच."

खरं आहे. कोरीही दक्षिण अमेरिकेचेच. मी म्हणालो, हे तळ्यात-टाकीत पैदास केलेले असतात, आठ एकत्र नेतोय, आणि तू सांगितलंस तसं चार आठवडे पाणी फिरवलंय. हे बोलताना मलाच ते वकिलासारखं वाटलं. माशांच्या बाबतीत माझे हात अगदी कोरडे आहेत असा दावा मी करणार नाही.

मी कागद मागितला. त्याने लॅमिनेट केलेला एक कागद काढला, कुणा दुसऱ्याच्याच नावाचा, २०२० सालचा. त्या वर्षी केंद्राने परदेशी प्राणी पाळणाऱ्यांना सहा महिन्यांत आपणहून माहिती द्यायला सांगितलं होतं, त्यातला. पुढे नियम बदलले. वन्यजीव संरक्षण कायद्यातली २०२२ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ला लागू झाली. साइट्स, म्हणजे दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार, त्याच्या यादीतला जिवंत प्राणी जवळ असेल तर नोंदणी सक्तीची, २०२४च्या फेब्रुवारीत त्याचे नियम आले आणि केंद्राच्या परिवेश पोर्टलवर ती करायची आहे. जुन्या मालकांची मुदत त्याच वर्षी ऑगस्टअखेर संपली. मार्मोसेट त्या यादीत आहे. झाडून सगळी माकडं आहेत. पैदास करायची तर परवाना वेगळा, हस्तांतराची नोंद वेगळी. शिवाय पाळीव प्राण्यांच्या दुकानांना २०१८च्या नियमांप्रमाणे राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. सहा महिन्यांच्या पिल्लाला २०२०चा कागद कसा चालेल, असं मी विचारलं. तो म्हणाला, आईचा आहे. आई कुठे, तर बेंगळुरूला. विषय तिथेच संपला. मुंबई, चेन्नईच्या विमानतळांवर बँकॉकहून आलेल्या बॅगांत अशी पिल्लं कशी सापडतात ते पेपरात येतंच.

मी माशांचे पैसे दिले आणि निघालो. पिशवी गुडघ्यांत धरून गाडी चालवता येत नाही म्हणून ती बाजूच्या सीटला पट्टा लावून बसवली. अस्नोड्यापर्यंत डोक्यात शिट्टी. दुसऱ्या दिवशी वनखात्याच्या कचेरीत लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली.

आता कोणी विचारेल, ब्राझीलच्या माकडाचं एवढं कशाला. तिथल्या लोकांनी काय केलंय ते बघा. मी गेलो तेव्हा बीआर-१०१ हा महामार्ग त्या रानाच्या मधून जात होता आणि दोन बाजूंची माकडं एकमेकांना भेटू शकत नव्हती. २०२०मध्ये त्यावर खास माकडांसाठी पूल झाला, माती भरून, झाडं लावून. त्याआधी पिवळ्या तापाची साथ आली. २०१४ला ३,७००च्या घरात असलेली सोनेरी माकडं अडीच हजारांवर आली. मग त्यांनी माकडं पकडून पकडून लस टोचली. २०२३मध्ये मोजणीचा आकडा ४,८००च्या आसपास होता. पन्नास वर्षं, एकेक माकड मोजून. वाटाड्या मला झाडाची ढोली दाखवत होता, जिथे पूर्ण कुटुंब रात्री एकमेकांना बिलगून झोपतं, आणि आवाज खाली करून बोलत होता, देवळात बोलतात तसा. आमच्या मोले-सत्तरीच्या रानातून रस्ता, तारा, रेल्वे नेताना कोणी झाडं लावलेला पूल काढल्याचं मी ऐकलेलं नाही. असो, हा वेगळा विषय.

दुकानाचे गुण. माशांसाठी पाचांतले साडेचार; अर्धा त्या प्लॅस्टिकच्या खटकीसाठी कापला, जरी ती त्याने बनवलेली नसली. सल्ल्यासाठी पाच. उरलेल्या भागाला गुण द्यायची ही जागा नव्हे. माझी अडचण अशी की माणूस लबाड वाटला नाही. लबाड असता तर हे लिहिणं सोपं होतं. त्याला माशाला काय लागतं ते नीट ठाऊक आहे, आणि माशाला न्याय देतो. माकडाचं त्याने कोणाला विचारलंच नाही, आणि चार लाखांनी विचारू दिलं नसेल.

तुम्ही कुठल्याही दुकानात गेलात आणि पडद्यामागून अशी शिट्टी आली, तर फोटो काढून 'किती गोड' म्हणून स्टेटसला लावू नका. त्या स्टेटसवरच गिऱ्हाइकं येतात. माझ्यासमोर दोघांनी फोनवर भाव विचारला.

ताजी नोंद, जून अखेर. फिल्टर उत्तम चालू आहे. एक टेट्रा मेला, सात ठीक. नातीने कोरींना नावं ठेवली आहेत आणि चारही एकसारखे दिसत असल्यामुळे रोज भांडण होतं. बदली स्पंज घ्यायला परवा त्याच दुकानात गेलो, कारण तो आकार दुसरीकडे मिळत नाही. पडदा काढून टाकलेला. पिंजरा होता तिथेच होता, त्यात लव्हबर्डची जोडी. मी मालकाकडे बघितलं. त्याने स्पंज काढून काउंटरवर ठेवला आणि "गेलं" एवढंच म्हणाला. कुठे, ते त्याने सांगितलं नाही. स्पंजाचे एकशे ऐंशी रुपये दिले. बिल मागून घेतलं.